नसलेलं झाड कुणाला दिसतं?

मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष प्रमाणापाशी थांबलो होतो आणि या वेळी अभावाकडे वळायचं ठरलं होतं. अभाव म्हणजे नसणं. हा विषय निघाला की ऐकणाऱ्यांच्या नजरा घड्याळाकडे जातात, असा आमचा वर्गातला अनुभव आहे. म्हणून आज तो झाडांवरून समजून घेऊ, आणि तेही आपल्या आर्णीच्या हिवाळ्यातल्या झाडांवरून. हे आमच्या डोक्यात आलं ते नातवामुळे.

नातू नऊ वर्षांचा आहे, आईबापांबरोबर मिनिसोटात राहतो. डिसेंबरात त्याच्या शाळेनं गृहपाठ दिला : घराजवळचं एक झाड निवडा, रोज त्याच्याकडे पाहा आणि आठवड्याला चार ओळी लिहा. तिकडे तेव्हा गुडघाभर बर्फ. त्यानं फोन खिडकीला लावून आम्हाला झाड दाखवलं. एकही पान नाही, खोड ओलं काळं, आणि प्रत्येक फांदीच्या वरच्या अंगाला बर्फाची एक पांढरी रेघ. मेपल आहे म्हणाला. पान नसताना ओळखलंस कसं, असं विचारलं, तर आमची शिकवणीच सुरू झाली. मेपलच्या डहाळीवर कळ्या समोरासमोर जोडीनं असतात, बऱ्याच झाडांच्या एकाआड एक असतात. गळालेल्या पानाच्या देठाचा वण सालीवर राहतो, तोही पाहायचा. मग त्यानं विचारलं, ‘‘आजोबा, तुमच्या घरासमोर कोणतं झाड आहे?’’

आम्ही म्हणालो, ‘‘निंब आहे.’’

स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘होता म्हणा. रस्ता रुंद झाला तेव्हाच गेला तो.’’

आता बघा. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्यक्षाचं लक्षण फळ्यावर लिहिलं, त्याला आपल्या दारासमोरचा निंब नाही हे दिसलं नव्हतं. डोळे शाबूत आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. रोज त्याच फाटकातून आम्ही बाहेर पडतो. तरी विचारल्याबरोबर तोंडून ‘आहे’ आलं. दोन दिवस ती गोष्ट मनातून जाईना.

बृहदारण्यकात या अनुभवाची नोंद आहे. माणूस म्हणतो, माझं मन दुसरीकडे होतं म्हणून मला दिसलं नाही, ऐकू आलं नाही. न्यायसूत्रांत गौतमानं मनाची खूण सांगितली ती यावरूनच : इंद्रियं सगळी एकाच वेळी उघडी असतात, तरी ज्ञानं एकाच वेळी होत नाहीत, म्हणजे मध्ये कुणीतरी दारवान आहे, तो एका वेळी एकालाच आत सोडतो. तो दारवान म्हणजे मन. हे उत्तर आम्हाला पाठ होतं, पण आमचा प्रश्न त्यानं सुटेना. असलेली वस्तू दिसली नाही, इथवर ठीक. पण आम्हाला दिसलं नव्हतं ते झाडाचं नसणं. नसणं दिसतं तरी कसं?

शास्त्रात याचं उदाहरण घड्याचं असतं. जमिनीवर घडा नाही. डोळ्यांना दिसते ती जमीन, मग ‘घडा नाही’ हे कळलं कशानं? नैयायिक म्हणतात, प्रत्यक्षानंच. जमीन दिसते ती घटाभावासकट दिसते. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक म्हणतात, तसं नव्हे. जे नाही त्याच्याशी डोळ्याचा संबंध येईलच कसा? ते त्याला वेगळं प्रमाण मानतात, अनुपलब्धी. अद्वैत वेदान्तीही या बाबतीत त्यांच्याच बाजूला. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत पदार्थ सहाच मोजलेले होते. अभाव सातवा म्हणून नंतर आला. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त तो रीतसर सातव्या जागेवर बसलेला आहे, चार प्रकारांसह. भांडण मोठं आहे, पण एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत आहे आणि आज आपल्याला तोच हवा आहे. त्याकडे आपण थोडं फिरून येऊ. आधी झाडं पाहू.

नातवानं आम्हालाही गृहपाठ दिला होता. ‘तुम्ही पण एक झाड घ्या.’ तेव्हा आम्ही सकाळी अरुणावतीच्या बाजूला फिरायला जाऊ लागलो. कंबलपोष बाबांच्या गावात थंडीचं कौतुक नव्यानं काय सांगायचं! पण इथला गारठा रात्रीचा आणि पहाटेचा. नऊ वाजले की ऊन चढतं आणि स्वेटर खांद्यावर जातं. बर्फ नाही. तर्कशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर आर्णीत बर्फाचा अत्यंताभाव : नव्हता, नाही, आणि होईल असं दिसत नाही. (‘तर्कसंग्रह’वाले पंडित इथं भुवया उंचावतील. अत्यंताभावाचं एक नेहमीचं उदाहरण वायूतल्या रंगाचं असतं. पण चालवून घ्या.)

तरी एक पांढरं दिसलं. जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या रस्त्याकडेच्या बाभळींना घासून जातात, आणि काट्याकाट्याला कापसाचे पुंजके अडकून राहतात. डिसेंबर-जानेवारीत ती बाभूळ पाहा, वाऱ्याच्या बाजूला कापूस, आडोशाला हिरवा पाला. इतकी वर्षं पाहत आलो, पण वहीत लिहायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की सगळे पुंजके गाडीच्या उंचीला आहेत. त्याच्या वर झाड कोरं. नातवाला फोटो पाठवला. त्याला वाटलं, आमच्याकडे बर्फ पडला.

बर्फाच्या देशात झाड पान टाकतं ते थंडीनं, आणि आपल्याकडचं उन्हाळ्याच्या भीतीनं, असं आपण समजतो. खरं तर दोघांची अडचण एकच आहे, पाणी. तिकडे पाणी जमिनीत असतं, पण गोठलेलं. मुळांना ते ओढता येत नाही. पानं ठेवली तर ती वाफ सोडत राहणार आणि झाड वाळणार. आपल्याकडे पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात संपतो आणि बरड जमिनीतली ओल उतरू लागते. तिथंही पानं ठेवणं परवडत नाही. म्हणजे बर्फात उभं असलेलं मेपल आणि मुरमाड टेकडीवरचा साग हे दोघंही तहानेचा हिशेब करतात. देवदार-पाइनसारखी झाडं सुईसारखी, मेण चढवलेली पानं ठेवून तो हिशेब वेगळ्या रीतीनं सोडवतात.

पान गळतं म्हणजे तुटत नाही, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. झाड आधी पानातला नत्र, स्फुरद असा उपयोगी माल परत खोडाकडे ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, तिथून पान सुटतं, आणि आतल्या बाजूला जखम बुजलेली असते. नातू म्हणत होता तो वण हाच. सागाचं पान थाळीएवढं, म्हणून वणही ठळक. काही पानं गळण्याआधीच जाळीदार झालेली असतात. शिरा तेवढ्या शिल्लक. ते एका पतंगाच्या अळीचं काम, ती शिरांमधला हिरवा भाग खाते. टिपेश्वरला वाघ बघायला जाणारी मंडळी अशा सागांखालून जीपमधून जातात. वाघ दिसला नाही तर ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून परत येतात.

आता अभावाचे दोन प्रकार घ्या. प्रध्वंसाभाव म्हणजे होतं ते नष्ट झाल्यावरचं नसणं. घडा फुटल्यावर घडा नाही. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. फुटलेला तोच घडा पुन्हा येत नाही. प्रागभाव म्हणजे व्हायच्या आधीचं नसणं. माती मळून ठेवलेली आहे, घडा अजून व्हायचा आहे. त्याला सुरुवात सांगता येत नाही, पण शेवट असतो : घडा झाला की तो संपला. जानेवारीतली सागाची उघडी फांदी पाहिली तर तिच्यावर हे दोन्ही अभाव शेजारी शेजारी बसलेले असतात. गेल्या पावसातल्या पानाचं नसणं, ते कायमचं. आणि येत्या पावसातल्या पानाचं नसणं, ते जूनपर्यंतचं. नुसत्या डोळ्यांना फांदी एकच, उघडी. ज्याला सागाचं वर्ष माहीत आहे त्याला ती दोनदा उघडी दिसते. वर्गात हा भेद शिकवताना आमच्याकडे फक्त घडा होता. सागाची फांदी खिडकीबाहेर असेलही, आम्ही पाहिली नाही.

चौथा प्रकार अन्योन्याभाव, म्हणजे हे ते नव्हे. घडा म्हणजे कापड नव्हे. वर्गात यावर हसू येतं, पण हिवाळ्यात झाडं ओळखायला निघालात की सगळा जीव याच अभावात अडकतो. ऐन आणि अर्जुन घ्या, आपल्याकडे त्यांना येन आणि कहू म्हणतात. दोघं एकाच कुळातले, जवळचे भाऊ. पण येनाची साल काळपट, चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. कहूची गुळगुळीत, फिकट राखाडी, पापुद्रे सुटणारी. कहू नदी-ओढ्याच्या काठाला, पाण्यात पाय सोडून. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असताना ‘झाडी’ नावाचा एकच पदार्थ दिसतो. हिवाळ्यात ती झाडी सुटी होते, कारण प्रत्येकाचं पान टाकायचं वेळापत्रक वेगळं. सालई, मोयन, कांडोळ आधीच मोकळे झालेले असतात. साग हळूहळू रिकामा होत असतो. पळस जानेवारीत अजून पानांत असतो, आणि पुढे पानं टाकून फुलायला लागतो. काटेसावर निष्पर्ण होऊन लाल फुलं काढते. मोह आपली पानं उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत धरून बसतो. निंबाची गळ फेब्रुवारी-मार्चात. चिंच हिरवीच. पैनगंगेच्या बाजूच्या खडकाळ टेकड्यांवर कांडोळ दिसतं, त्याची साल पांढुरकी, कागदासारखी सुटणारी. चांदण्यात ते झाड असं उभं असतं की लोकांनी त्याचं नाव भुत्या ठेवलं. आमचा बर्फ पाहायचा असेल तर कापसानंतर तो एवढाच.

दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिलं १९५६ साली. एकेक महिना घेऊन झाडांकडे पाहत गेल्या. आम्ही ते कॉलेजात असताना वाचलं, आवडलं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं. त्यानंतर एकाही महिन्यात बाहेर जाऊन पाहिलं नाही. पुस्तक वाचणाऱ्यांना हा रोग असतोच.

आता मघाचा मुद्दा, ज्यावर नैयायिक आणि मीमांसक दोघांचं एकमत आहे. ज्याचा अभाव, त्याला म्हणतात प्रतियोगी. घटाभावाचा प्रतियोगी घट. आणि नियम असा की प्रतियोगीचं ज्ञान आधी नसेल तर अभावाचं ज्ञान होत नाही. ज्यानं घडा कधी पाहिलाच नाही, तो रिकाम्या जमिनीकडे जन्मभर पाहत राहिला तरी त्याला ‘घडा नाही’ हे कळणार नाही. त्याला नुसती जमीन दिसेल. दुसरी अट योग्यतेची : वस्तू तिथं असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात ‘घडा नाही’ म्हणता येत नाही. आमच्या निंबाच्या बाबतीत दुसरी अट पूर्ण होती, लख्ख उजेड होता. अडलं ते पहिल्यापाशी. निंब आमच्या डोळ्यांसमोर होता, पण आम्ही तो कधी घेतलाच नव्हता. नावापुरता होता. म्हणून झाड गेल्यावर नुसतं नाव राहिलं, आणि ते नाव आम्ही नातवाला सांगून मोकळे झालो.

हे नुसतं शास्त्र नाही, याचा पडताळा लगेच मिळाला. आमचे तिघं मित्र रोज संध्याकाळी चहाला बसतात, सगळे निवृत्त. नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडं गेली, याबद्दल आम्ही चौघं तावातावानं बोलत असतो. त्या दिवशी आम्ही म्हटलं, चला, यादी करू. स्टँडपासून यवतमाळच्या अंगानं पहिले दोन किलोमीटर, डाव्या हाताला कोणकोणती झाडं होती? कागद घेतला. पाच नावं झाली. त्यांपैकी दोनांवर भांडण. एक म्हणतो चिंच, दुसरा म्हणतो शिरीष. आम्ही गप्प. पन्नास वर्षं त्या सावलीतून एसटीनं गेलो-आलो, आणि आता तिच्यासाठी हळहळतो, पण हळहळ कुणासाठी ते सांगता येईना. ‘झाडं गेली’ एवढंच म्हणता येतं.

बाजारात बोरं आणि आवळे घेऊन एक आजी बसतात. आमच्याहून थोड्या मोठ्याच असतील. पूर्वी त्या जंगलातून मोळी आणून गावात विकत. सहज विचारलं, तर त्यांनी बोरं मापता मापता झाडं सांगायला सुरुवात केली. पहिला निंब, मग दोन बाभळी, त्यांच्या शेंगा बकऱ्यांना. मग मोठी चिंच, मग करंज. प्रत्येक झाडाला एक काम चिकटलेलं. एका झाडापाशी त्या म्हणाल्या, ‘‘तिथं मोयी टेकवत होतो आमी.’’ आम्ही म्हणालो, ‘‘सावलीला ना?’’ तर हसल्या. ‘‘हिवात सावली कोनाले पायजे जी? उन्हाच्या अंगानं टेकवत होतो.’’

थांबा जरा इथं. हिवाळ्याची सकाळ, डोक्यावर मोळी, ओल्या गवतातून आलेले अनवाणी पाय. सकाळी झाडाची सावली पश्चिमेला पडते. तिला झाडाची पूर्व बाजू ठाऊक आहे, कारण तिथं पाय शेकतात. झाडाचा बुंधा किती रुंद, मोळी टेकेल का, पुन्हा डोक्यावर घेता येईल का, हेही ठाऊक. आणि ते झाड आता नाही, हे तिला रोज दिसतं. आम्हाला तिथं डांबर दिसतं.

यावरून लगेच कुणी म्हणेल की खेड्यातल्या माणसाचं झाडांवर प्रेम असतं. आम्हाला हे वाक्य पटत नाही. मोळी विकणारी बाई झाडं तोडूनच मोळी आणत होती. कोणतं लाकूड निखारा धरतं, कोणतं नुसता धूर करतं, कोणतं भुर्रकन जळून जातं, हे तिला झाडं जाळून कळलं. धुऱ्यावरचा निंब शेतकऱ्याला माहीत असतो, कारण त्याच्या सावलीत पीक खुरटतं. प्रेम असेल-नसेल, पण गरज रोजची होती आणि ती झाडाझाडांत भेद करायला लावत होती. पाहणं हे त्या कामाचं पोटउत्पादन होतं. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेचे सिलेंडर गावोगाव आले, तेव्हा बायकांच्या डोळ्यांतला धूर आणि डोक्यावरची मोळी हलकी झाली. त्याविरुद्ध बोलायचा आम्हाला अधिकार नाही. गॅसवर चहा पिऊन चुलीचं गुणगान करणाऱ्या लेखकांचा आम्हाला कंटाळा आहे. पण कामाबरोबर ते पाहणंही गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलेलं नाही, हेही खरं. आजींच्या नातीला स्टँडजवळची झाडं विचारली, तर तिची यादी आमच्याएवढीच निघाली.

आणि यात नुकसान कसलं, तेही नीट पाहा. झाडं तोडताना कागदावर आकडा येतो, इतकी झाडं जाणार, त्या बदल्यात इतकी लावणार. आकड्याला आकड्यानं उत्तर देता येतं. ‘ती चिंच’ असं म्हणणारा माणूस समोर असेल, तर निदान प्रश्न वेगळा होतो. प्रतियोगी माहीत नसलेल्या गावात अभावाची तक्रार करणार कोण?

नातवाच्या गृहपाठात आम्हाला हेच महत्त्वाचं वाटलं. त्या पोराला मेपलचं काही काम नाही. घरात हीटर आहे. तरी रोज खिडकीपाशी उभं राहायचं आणि चार ओळी लिहायच्या, असं त्याच्या बाईंनी ठरवून दिलं. कामानं जे आपोआप व्हायचं ते मुद्दाम करायला लावलं. कृत्रिम आहे, कबूल. संध्यावंदनही कृत्रिमच असतं.

आम्ही झाड निवडलं ते नदीच्या वाटेवरच्या धुऱ्यावरचा एक पळस. चार ओळी रोजच जमत नाहीत. ५ जानेवारीला लिहिलं आहे, ‘पानं आहेत, धुळीनं मळलेली, कडा तपकिरी.’ १९ तारखेला, ‘शेतात पऱ्हाटी उपटताहेत, धुऱ्याशी रचून ठेवली आहे, पळसाचा बुंधा झाकला गेला.’ २८ला, ‘वरच्या फांद्यांवर काळपट मखमली कळ्या. कधीपासून आहेत?’ त्या ‘कधीपासून’चं उत्तर आम्हाला देता येत नाही, कारण मधले आठ दिवस सर्दीमुळे गेलोच नाही. नातू म्हणाला, ‘‘मग असं लिहा की आठ दिवस पाहिलं नाही.’’ लिहिलं.

रस्त्याची यादीही पुढे सरकली आहे. आजींनी अकरा झाडं सांगितली, मागच्या आळीतल्या एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं तीन वाढवली. सध्या चौदा आहेत. आठव्या जागेवर, वळणाच्या जरा अलीकडे, चिंच की शिरीष हे अजून ठरलेलं नाही. आजी म्हणतात दोन्ही नाही, तो बेहडा होता. इथं बसलेल्यांपैकी कुणाला आठवत असेल तर चहाच्या वेळी आमच्याकडे या. कागद खिशात आहे.